आडव्या दोन रेघा

समारंभाचे अध्यक्ष, आमचे माजी सर्वेक्षणप्रमुख. आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. धान्यकोठाराहून मुद्दाम आलेले पाहुणे, कोठारप्रमुख. आणि समोर बसलेले सापळ्यांवरचे, प्रयोगशाळेतले, गाडीवरचे माझे सगळे सहकारी, आपणा सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी या कृंतक सर्वेक्षण कार्यालयात अठ्ठावीस वर्षं नोंदवह्या लिहितो. पाहुण्यांसाठी सांगतो, कृंतक म्हणजे उंदीर, घुशी, खारी, कुरतडणारे सगळे. एवढ्या वर्षांत मी कुठल्या समारंभात बोललो नाही आणि मला कुणी बोल म्हटलंही नाही. ते दोघांच्याही हिताचं होतं. आजच्या यादीतही मी नव्हतो. काल मी स्वतः जाऊन सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना विनंती केली. त्या म्हणाल्या, "वहीकाका, तुम्ही बोलणार? बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. त्यांना तो विनोद वाटला.

मी कागदावरून वाचतो आहे. 

आता चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. साहेबांची सही साडेपाचपर्यंत चालते. त्यानंतरही साहेब आपल्यासाठी साहेबच राहतील, पण त्यांची सही एका निवृत्त गृहस्थांची सही होईल. नवे प्रमुख दोन महिन्यांनी येणार आहेत. आणि बाहेर अंगणात जो ट्रक उभा आहे, त्यातलं विषारी आमिष उद्या सकाळी सहा वाजता कोठारामागच्या डोंगरउतारावर टाकायला सुरुवात होणार आहे, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मला त्याआधी साहेबांची एक सही हवी आहे. साहेबांबद्दल मी चार शब्द बोलणार आहे आणि ते मनापासूनचे आहेत. पण उभा आहे तो सहीसाठी, हे आधीच सांगून टाकतो.

साहेब इथे रुजू झाले त्या दिवशी आम्ही सगळे दारात पुष्पगुच्छ घेऊन उभे होतो. साहेब मागच्या दाराने आत येऊन सापळ्यांच्या खोलीत उकिडवे बसले होते. एकेक सापळा उघडून त्याची स्प्रिंग बघत होते. आमचे गाडीवाले त्यांना म्हणाले, "ओ, हात लावू नका, नवे साहेब येणार आहेत, खवट आहेत म्हणे." साहेब म्हणाले, "हो, मीही ऐकलंय." गाडीवाले समोरच बसले आहेत. ते अजूनही म्हणतात की त्यांनी ओळखलं होतं. कुणाचा विश्वास नाही.

साहेबांनी दोन गोष्टी आम्हाला लावून दिल्या. पहिली म्हणजे, 'वहीत नाही तो डोंगरावर नाही.' ज्याची नोंद नाही ते सांगायचं नाही. गाडीवाल्यांची एकदा हजेरी लावायची राहिली तेव्हा ते दिवसभर सांगत फिरले, "मी आज नाहीच. वहीत नाही. गाडी आपोआप चाललीय." दुसरी गोष्ट, वहीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ज्याने ती लिहिली त्यानेच स्वतःच्या हाताने दुरुस्तीचा कागद लिहायचा, दोन सहकाऱ्यांसमोर वाचून दाखवायचा, मग त्यावर प्रमुखांची सही. दुसऱ्या कुणालाही माझ्या वहीतली ओळ बदलता येत नाही. साहेबांनासुद्धा नाही. नियम चांगला आहे. मी त्या नियमाच्या आड तीन वर्षं लपून बसलो, हा नियमाचा दोष नाही.

आता दोन उंदरांबद्दल बोलतो. निरोपाच्या भाषणात उंदीर कशाला, असं काहींना वाटेल. पण या इमारतीत दुसरं बोलायला आहे तरी काय?

पहिला घरउंदीर. त्याची ओळख करून द्यायला नको. तो सगळीकडे आहे. माळ्यावर, जहाजात, कोठारात, डोंगरावर. त्याची शेपूट अंगापेक्षा लांब, वरून खालून एकाच रंगाची. मागच्या तळव्याला सहा गाद्या, म्हणून भिंतीवर चढतो, तारेवरून चालतो. मादीला एका वेळी आठ-आठ पिल्लं, वर्षातून चार-पाच वेळा. सापळ्यात सापडला की तार चावतो, किंचाळतो, सापळा घेऊन उलटा होतो. आणि तो संशयी आहे. नवा पदार्थ समोर आला की दोन दिवस लांब राहतो, मग एखादा कण चाखतो, पुन्हा थांबतो. आमच्याकडे म्हणतात, घरउंदराला फसवायचं तर आधी त्याची ओळख काढावी लागते.

दुसऱ्याला मराठीत नाव नव्हतं. ज्यांनी त्याला डोंगरउतारावर पाहिलं त्यांनी त्याला खडेकरी म्हटलं, म्हणून मीही तेच म्हणतो. आकार घरउंदराएवढाच, रंगही लांबून तसाच. पण शेपूट अंगापेक्षा आखूड आणि दुरंगी. वरून काळी, खालून पांढरी, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. तळव्याला चारच गाद्या, त्यामुळे त्याला चढता येत नाही. तो कोठारात कधी शिरलेला नाही, शिरू शकत नाही. बिळाच्या तोंडाशी हरभऱ्याएवढे खडे आणून ठेवतो. सकाळी बाहेर पडला की खडे लावून दार बंद करतो, परत आला की एकेक बाजूला करतो. पिल्लं दोन, फार तर तीन, वर्षातून एकदाच. सापळ्यात सापडला तर ओरडत नाही. कोपऱ्यात तोंड करून बसतो. आपण चुकून आत आलो आहोत आणि कुणीतरी येऊन ते समजून घेईल, असा बसतो.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. मला असं सुचत नाही.

जगात कुठल्याशा जुन्या संग्रहात त्याची दोन कातडी आहेत, साठ वर्षांपूर्वीची. त्यानंतर त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि तो संशयी नाही. दाणा दिसला की तिथे खात बसत नाही, गालात भरून बिळात नेतो, पिल्लांकडे. उद्या उतारावर आमिष पडेल तेव्हा घरउंदीर दोन दिवस लांबून बघत बसेल. हा पहिल्याच सकाळी सगळं घरी घेऊन जाईल आणि आतून खडे लावून घेईल.

पाहुण्यांना राग येऊ नये. कोठारप्रमुखांची यात काहीही चूक नाही. त्यांचं धान्य नासतं, ते आमच्याकडे आले, त्यांनी विचारलं, "उतारावर काय आहे?" आम्ही आमची वही काढून दाखवली. वहीत होतं: घरउंदीर, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. ते म्हणाले, "मग सगळा उतारच साफ करून टाकू." कुणीही हेच म्हटलं असतं.

ते 'वरीलप्रमाणे' मी लिहिलं आहे.

खडेकऱ्याला ज्यांनी पाहिलं त्यांना तुम्ही सगळे सापळेताई म्हणायचात. तुमच्यासाठी ते नाव होतं. माझी ती सख्खी ताई होती, सहा वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि माझ्याच सांगण्यावरून या कार्यालयात सापळ्यांच्या कामाला लागली. तिला जाऊन आज अकरा आठवडे झाले. तुमच्यापैकी बरेच जण घरी येऊन गेलात. मी तेव्हा कुणाशी धड बोललो नाही. आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

आमच्या कामाची पद्धत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. उतारावर साठ सापळे. पहाटे ताई सगळे बघायची आणि पेन्सिलीने एका कार्डावर मांडायची, कुठल्या क्रमांकात काय. पहिल्या उंदराचं नाव पूर्ण लिहायचं, खाली तोच असेल तर दोन छोट्या उभ्या रेघा. उभ्या दोन रेघा म्हणजे वरीलप्रमाणे. ते कार्ड गाडीवाले माझ्याकडे आणून द्यायचे आणि मी शाईने वहीत उतरवायचो. मला रेघा काढायला आवडत नाही, घाईत काढल्यासारखं वाटतं. मी दर वेळी पूर्ण शब्द लिहायचो. वरीलप्रमाणे. माझं अक्षर चांगलं आहे.

तीन वर्षांपूर्वी ताई सलग पाच आठवडे उतारावरच तंबूत होती. एकतिसाव्या सापळ्यापासून वर, खडकाळ भागात, तिला हा दुसरा उंदीर मिळू लागला. नाव माहीत नाही, मग लिहायचं काय? तिने खूण केली. दोन आडव्या रेघा, एकीखाली एक. वरची जाड, खालची बारीक. वरून काळी, खालून पांढरी. ती त्याची शेपूट होती. तिला वाटलं, याहून स्पष्ट काय असतं?

मला त्या वरीलप्रमाणे वाटल्या. पेन्सिल, पहाटेचं दव, ओला हात, रेघा आडव्या पडल्या असतील, एवढाच विचार मी केला. तोही केला की नाही, आठवत नाही. एकेचाळीस वेळा मी वरीलप्रमाणे लिहिलं.

पाच आठवड्यांनी ती खाली आली, हातपाय न धुता वही उघडून उभी राहिली. म्हणाली, "अरे, माझे उंदीर कुठे गेले?"

मी म्हटलं, "आहेत की. एकेचाळीस."

"हे घरउंदीर आहेत."

"तुझ्या कार्डावर होतं ते लिहिलंय मी."

"कार्डावर शेपूट होती, बाबा!"

ती हसत होती. तिला वाटलं मी दुरुस्तीचा कागद लिहून देईन आणि संपेल. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. एखादं कातडं आणलंय का, विचारलं. ती म्हणाली, "साहेब, कातडं आणलं असतं तर तिथे एक कमी झाला असता. मी सोडून दिले सगळे." साहेबांनी त्यावर वाद घातला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. फोटो होते, पण फोटो कुठल्या उतारावरचा ते फोटो सांगत नाही. साहेब म्हणाले, "तुमच्या भावाला दुरुस्ती लिहून आणायला सांगा. त्याच क्षणी सही करतो." हे शब्द साहेबांना आठवत असतील.

मी लिहून दिलं नाही.

ती माझ्यावर एकदाच चिडली. म्हणाली, "तुझी वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झालीय. आणि माझी रेघ तुला दिसत नाही." मी म्हटलं, तू खुणा नीट करायला हव्या होत्यास. शब्दात लिहायला काय झालं होतं? पुढच्या हंगामात ती आजारी पडली. वरची रांग त्यानंतर कुणी लावली नाही.

सभागृहाच्या मागच्या भिंतीवर एक चौकट आहे, तिथे, दाराशेजारी. 'पंचवीस वर्षांत एकही खाडाखोड नाही', खाली माझ्या वहीचा फोटो. साहेबांनीच तो सत्कार केला होता. ताईने उतारावरून खाली येऊन वही उघडली तेव्हा त्या सत्काराला तीन महिने बाकी होते. मला वाटलं, एवढा सत्कार होऊन जाऊ दे. तो झाल्यावर वाटलं, लगेच कसं लिहून द्यायचं, लोक काय म्हणतील. मग वाटलं, पुढच्या वर्षी.

मी तिला म्हणत होतो की मला रेघांतला फरक दिसत नाही. खरं असं की, तिने सांगितलं त्याच आठवड्यात मी कार्डांचा गठ्ठा सोडून पाहिला होता. एका कार्डावर वर तीन उभ्या जोड्या होत्या आणि खाली चार आडव्या. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. मी गठ्ठा पुन्हा बांधला. तशीच गाठ मारली.

पाच मिनिटं संपली असतील. सूत्रसंचालक बाई, मला दिसतं आहे. कृपया बसा. साहेबांना द्यायचा पुष्पगुच्छ अजून आणू नका. मी कधी काही मागितलं नाही, आज एवढं मागतो.

शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नव्हती. गोधडीवरून बोट फिरवत पडून असायची. एके दुपारी मी पाणी घेऊन गेलो. तिने विचारलं, "दिलंस का रे लिहून?"

मी म्हटलं, "दिलं."

"साहेबांची सही?"

"झाली."

ती म्हणाली, "बघ. किती सोपं होतं." आणि माझ्या हातावर थोपटलं, लहानपणी परीक्षेला जाताना थोपटायची तसं. चार दिवसांनी ती गेली.

मी तिला जे सांगितलं ते साडेपाचपर्यंत खरं करता येईल, साहेब. साडेपाचनंतर ते कायमचं खोटं राहील. आज सकाळी मी तीनदा तुमच्या केबिनच्या दाराशी आलो. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा तुम्ही फोनवर होतात. तिसऱ्यांदा तुम्ही एकटे होतात आणि दार उघडं होतं. तेव्हा मी परत फिरलो. मला स्वतःचा स्वभाव माहीत आहे. बंद खोलीत मी पुन्हा गप्प बसलो असतो. म्हणून इथे आलो, सगळ्यांसमोर, जिथून मागे फिरता येत नाही. नियमाप्रमाणे दोन सहकाऱ्यांसमोर वाचायचं असतं. इथे सत्तर आहेत. वाचतो.

'मी, नोंदवह्या लिहिणारा, लिहून देतो की, डोंगरउताराच्या वहीत पान एकशे बारा ते एकशे एकोणीस यांवर, सापळा क्रमांक एकतीस ते साठ यांच्यासमोर मी एकेचाळीस ठिकाणी "वरीलप्रमाणे" असं लिहिलं आहे, ते चूक आहे. कार्डावरच्या खुणा वेगळ्या होत्या. तो घरउंदीर नव्हता. तो आखूड, दुरंगी शेपटीचा, चार गाद्यांच्या तळव्याचा दुसरा उंदीर होता. कार्डं लिहिणारीची चूक नाही. चूक वाचणाऱ्याची आहे. ती मला तीन वर्षांपासून ठाऊक होती. मूळ कार्डं सोबत जोडली आहेत.'

शेवटचं कार्ड वेगळं आहे. तिने आजारपणात, घरी बसून ते लिहिलं होतं आणि गठ्ठ्यात सरकवून ठेवलं होतं. मला ते गेल्या आठवड्यात सापडलं. शब्दात लिहायला काय झालं, असं मी म्हटलं होतं ना, म्हणून शब्दात लिहिलंय: 'शेपूट वरून काळी, खालून पांढरी. वहीत जागा नसेल तर जागा कर.'

आपल्याच नियमात आहे की ज्या जागेच्या यादीत दुर्मीळ जात निघाली तिथे पुन्हा पाहणी होईपर्यंत आमिष टाकता येत नाही. पाहुण्यांनी आमिष कोठारात टाकावं, भिंतींच्या आत. घरउंदीर तिथेच आहे. सापळे हवे असतील तर मी स्वतः येऊन लावीन. मला लावता येत नाहीत, पण शिकेन. पाहुणे मान हलवत आहेत. ती हो आहे की नाही, मला चष्म्यातून नीट दिसत नाही. पण सहीशिवाय त्यांनाही आमिष थांबवता येणार नाही, कारण वहीत नाही तो डोंगरावर नाही.

मागच्या भिंतीवरची ती चौकट गाडीवाल्यांनी आताच उतरवून ठेवावी. हसू नका, खरंच उतरवा.

साहेब, तुमच्याबद्दल चार शब्द बोलायचे होते. त्यातले दोन बोललो, दोन राहिले. तुम्ही इतकी वर्षं मला चांगलं वागवलंत. तिचं म्हणणं तुम्हाला पटलं होतं, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही माझ्यावर एकदाही जबरदस्ती केली नाहीत. वाट पाहिलीत. मी त्या सभ्यतेचा गैरफायदा घेतला. निरोपाच्या दिवशी काम पुढे करतो आहे, हे वाईट दिसतं. वहिनी, तुमच्याही आनंदात मी विघ्न आणलं.

अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तुम्ही सगळ्यांनी चहा निवू दिलात, याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मला बोलायची सवय नाही. फक्त पान एकशे बारापासूनची चूक पोटात घालू नका. तिला माफी नको आहे, सही हवी आहे.

कागद टेबलावर ठेवला आहे. पेनाचं टोपण काढलं आहे. साहेब, खाली डाव्या बाजूला माझी सही आहे. उजवी बाजू मोकळी आहे, जागा केली आहे.

टाळ्या वाजवू नका. साहेबांना लिहू द्या.